एका पानाचे मुखतपासणी पत्रक : वृद्धाश्रमातील दातांच्या नोंदीसाठी ते कितपत पुरते?

मी दंतवैद्य आहे आणि पुण्यातील एका वृद्धाश्रमात दर महिन्याला रहिवाशांचे तोंड तपासायला जाते. तिथल्या प्रवेश अर्जात दातांसाठी एकच रकाना होता, ‘दात : आहेत / नाहीत / कवळी’, आणि प्रवेशाच्या दिवशी घाईने केलेली खूण पुढे कित्येक वर्षे तशीच राहत असे. त्याऐवजी दीड वर्षापूर्वी आम्ही ‘ओरल हेल्थ असेसमेंट टूल’ हे पत्रक वापरायला घेतले. ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते, त्यामुळे खर्च फक्त छपाईचा येतो. तोंडाच्या सर्वसाधारण आरोग्यासाठी ते उपयोगी आहे यात शंका नाही. मला मात्र इथे त्याची पारख एका विशिष्ट प्रश्नावर करायची आहे, आणि तो म्हणजे रहिवाशाचे किती दात गेले, कोणते गेले आणि कधी गेले, हे या पत्रकावरून कळते का.

या पत्रकाचा पूर्वज अमेरिकेतला. केसर-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शुश्रूषागृहातील परिचारिकांसाठी दहा मुद्द्यांची एक तपासणी तयार केली होती. ऑस्ट्रेलियात जेन चाल्मर्स यांनी ती आटोपशीर करून आठ मुद्द्यांवर आणली, आणि त्या देशातील तीन राज्यांतल्या २१ निवासी संस्थांमध्ये तिची चाचणी घेऊन २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओठ, जीभ, हिरड्या व आतील त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दातदुखी अशा आठ ओळी आहेत. प्रत्येक ओळीला ०, १ किंवा २ गुण असतात, म्हणजे एकूण गुण ० ते १६ होतात आणि गुण जितके जास्त तितकी तोंडाची अवस्था वाईट.

या पत्रकाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ते दंतवैद्यासाठी नसून रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिलेले आहे. आमच्या आश्रमातील मावशींना हातमोजे, विजेरी, जीभ दाबायची पट्टी आणि गॉजचा तुकडा एवढ्या साहित्यावर ते भरता येते, आणि दोन-तीन वेळा बरोबर बसून दाखवल्यावर त्यांचा हात बसला. दातदुखीची ओळ मला विशेष मोलाची वाटते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा ‘दाढ दुखते’ असे सांगू शकत नाहीत; ते गाल ओढतात, ओठ चावतात, घास थुंकतात किंवा भरवणाऱ्यावर हात उगारतात. अशी लक्षणे पत्रकातच दिलेली असल्यामुळे जी वागणूक आधी हट्टीपणा म्हणून सोडून दिली जात असे, ती आता माझ्यापर्यंत येते.

मात्र ‘नैसर्गिक दात’ या ओळीशी आल्यावर माझी तक्रार सुरू होते. किडलेला वा तुटलेला दात किंवा खुंट नसेल तर ०. असे एक ते तीन असतील किंवा दात झिजलेले असतील तर १. चार किंवा अधिक असतील, किंवा तोंडात चारपेक्षा कमी दात उरले असतील तर २. याचा अर्थ असा की, २८ निरोगी दात असलेल्या आजींना ० मिळतो आणि फक्त पाच निरोगी दात उरलेल्या आजींनाही ०च मिळतो. एकीला भाकरी चावता येते आणि दुसरीला ती दुधात कुस्करून द्यावी लागते, हा फरक गुणांत कुठेही उतरत नाही. दात गमावणे ही वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे. पत्रकाला ती अगदी शेवटच्या पायरीवरच दिसते.

हा दोष या एकाच पत्रकाचा नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांना ऑक्टोबर २०१० पासून जो शासकीय मूल्यांकन संच भरावा लागतो, त्याच्या ‘एल’ विभागात नैसर्गिक दात किंवा दाताचा तुकडाही नसल्याची चौकट आहे, किडलेल्या व तुटलेल्या दातांची आहे, हिरड्यांचा दाह किंवा हलणारे दात यांची आहे. उरलेल्या दातांची संख्या लिहायला मात्र जागाच नाही.

म्हणून आम्ही पत्रकाच्या पाठीमागे दंतवैद्यांचा नेहमीचा दोन अंकी आराखडा छापून घेतला. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो (वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४) आणि दुसरा अंक मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजत जातो, त्यामुळे ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ. पहिली नोंद मी करते, कारण वृद्धांच्या तोंडात दात ओळखणे दिसते तितके सोपे नसते. शेजारचा दात पडला की उरलेले दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि दुसरी दाढ पहिलीच्या जागी येऊन बसते. शेजारच्या दातांच्या आधाराने पक्क्या बसवलेल्या पुलामधला (ब्रिजमधला) कृत्रिम दात खरा म्हणून मोजला जातो. हिरडीच्या पातळीला झिजलेला खुंट कवळीखाली कुणाला दिसतच नाही. त्यामुळे मोजणीआधी कवळी काढणे सक्तीचे आहे. खुंटाला आम्ही ‘दात’ म्हणत नाही आणि ‘गेलेला’ही म्हणत नाही, त्याची खूण वेगळी असते, कारण तो चावण्याच्या कामाचा नसला तरी जंतुसंसर्गाचे घर असू शकतो. अक्कलदाढा कधी आल्याच नसतील तर त्या गमावलेल्यांत धरत नाही. एकूण संख्येइतकेच महत्त्व आम्ही वरखाली एकमेकांवर टेकणाऱ्या जोड्यांना देतो. वर दहा दात आणि खाली एकही नाही अशा तोंडात मोजायला दहा असले तरी चावायला काहीच नसते.

मराठी प्रत करताना आणखी एक अडचण लक्षात आली. मशेरी लावणाऱ्या आजींचे काळवंडलेले दात मावशींनी सुरुवातीला ‘किडलेले’ म्हणून मोजले आणि गुण उगाच वाढले. मूळ पत्रकात यासाठी काही सूचना नाही, ती आम्ही समासात लिहून घेतली.

या मागच्या पानाचा उपयोग काय, हे एका सकाळी आम्हाला कळले. मधुमेह असलेल्या एका आजींच्या खालच्या दातांपैकी ४१ क्रमांकाचा, म्हणजे उजवीकडचा मधला पटाशीचा दात हलत असल्याची नोंद मी दोनच दिवसांपूर्वी केली होती. त्या दिवशी तोंड पुसताना मावशींना तिथे मोकळी जागा दिसली. जुन्या अर्जात आधीही ‘दात आहेत’ असते आणि नंतरही तेच राहिले असते, कारण बाकीचे पाच खालचे दात जागेवरच होते. नोंद ताजी असल्यामुळे ही जागा जुनी नाही हे लगेच समजले. अंथरूण, उशी, पाण्याचा पेला, सगळे शोधून झाले तरी दात सापडला नाही, म्हणून तो श्वासमार्गात गेला नाही ना याची खात्री करण्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. त्यात काही निघाले नाही, दात पोटात गेला असावा. तो एक्स-रे काढण्याचे कारण केवळ एका आकड्यातील फरक होते.

कवळीच्या ओळीबद्दल मी समाधानी आहे. कवळीवर नाव नसेल तर पत्रक गुण लावते, आणि हा आग्रह अगदी योग्य आहे, कारण सामायिक खोल्यांत कवळ्या बदलतात, जेवणाच्या ताटात कागदी रुमालात गुंडाळल्या जाऊन कचऱ्यात जातात. अमेरिकेच्या नियमांनुसार कवळी हरवल्यास वा तुटल्यास शुश्रूषागृहाने रहिवाशाला तीन दिवसांच्या आत दंतसेवेकडे पाठवायचे असते. आमच्याकडे असे बंधन नसले तरी ती मुदत आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. तसेच, बोळके तोंड म्हणजे तपासायला काही उरले नाही, हा समज या पत्रकामुळे मोडतो, कारण दात नसले तरी जीभ, हिरड्या आणि आतली त्वचा पाहावीच लागते. तंबाखूचा इतिहास असलेल्या रहिवाशांत ते फार गरजेचे आहे.

वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी हे पत्रक जरूर घ्यावे, मात्र त्यातील गुणांवरून दात गमावल्याची नोंद झाली असे धरू नये. गुणांची बेरीज करून कागद बंद करण्याची सवयही लागू देऊ नये, कारण बेरीज ३ असताना एखाद्या ओळीत २ असू शकतात आणि ती ओळ आजच दंतवैद्याला दाखवायची असते. दाताच्या मोजणीचे पान दंतवैद्याकडून एकदा भरून घ्यावे, त्यावर तारीख आणि तपासणाऱ्याची सही असावी, आणि दात काढला की पडला हे वेगळे लिहावे. हाडांच्या ठिसूळपणावर काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांत दात काढल्यावर जबड्याची जखम क्वचित लवकर भरत नाही, तेव्हा ही माहिती पुढच्या डॉक्टरला लागते. आमच्याकडे हा कागद महिन्याच्या वजनाच्या तक्त्यामागेच लावलेला असतो, म्हणजे वजन उतरलेले दिसताच मावशी पान उलटून आधी दात मोजतात.