टास्मानियन नेम्स इंडेक्स: स्कॉटिश कैद्याचा माग होबार्टपासूनच काढावा

पूर्वजाला स्कॉटलंडमधून कैदी म्हणून ऑस्ट्रेलियाला, काळ्या पाण्यावर धाडलं एवढंच घरात ठाऊक असतं, आणि लोक थेट एडिंबराचं दप्तर उघडतात. उलटं करा, टास्मानियाच्या राजधानीपासून, होबार्टपासून सुरुवात करा. टास्मानियन नेम्स इंडेक्स ही लायब्ररीज टास्मानियाची ऑनलाइन नावसूची मोफत आहे. नावावर क्लिक केलं की बऱ्याच नोंदींत मूळ वहीचं पानच समोर येतं.

तो गडी व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियालाच उतरला होता, याची आधी खात्री करा. न्यू साउथ वेल्सला गेलेले इथे शोधण्यात अर्थ नाही. जहाजाचं नाव लंडनमधल्या केवच्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या एचओ 11 रजिस्टरांत, म्हणजे धाडलेल्या कैद्यांच्या नोंदवह्यांत मिळतं. त्यांची सूची स्टेट लायब्ररी ऑफ क्वीन्सलँडने फुकट ठेवली आहे. तिच्यात खटल्याचं ठिकाण, तारीख आणि मुदत असते, पण गुन्हा किंवा वय नसतं.

खरा ऐवज टास्मानियातल्या कैद्यांच्या वर्तणूक-वह्यांत. त्यांचे क्रमांक ‘सीओएन’ने सुरू होतात. 1840 नंतर आलेला पुरुष असेल तर सीओएन 33 चं पान बघा: धंदा, उंची, वय, केस, नाक, हनुवटी, जन्मगाव, आणि खाली दारू पिऊन सापडला, कामावरून पळाला, किती दिवस कोठडी, असं सगळं बारीक अक्षरांत कोंबलेलं. टीएल म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह (मुदत संपण्याआधी स्वतःचं काम करून राहायची परवानगी), सीपी म्हणजे सशर्त माफी. एवढी दोन समजली तरी पान बरंच बोलायला लागतं. त्याआधीच्यांची वर्तणूक सीओएन 31 मध्ये, पण वर्णन तिथे नसतं. त्यासाठी सीओएन 18 उघडावं लागतं. इथेच लोक अर्ध्यावर सोडतात.

शोधपेटी मात्र फार समजूतदार नाही. मॅकडोनाल्डसारखं आडनाव असेल तर Mac, Mc आणि नुसत्या M पुढे अपॉस्ट्रॉफी (M'), अशा तिन्ही रूपांनी शोधा. बायकांचं आणखी अवघड: स्कॉटिश कागदांत विवाहित बाईचं माहेरचं आडनाव चालू राहतं, म्हणून दोन्ही आडनावं टाकून बघा. त्यांच्या वह्या सीओएन 40 आणि 41, लग्नाच्या परवानग्या सीओएन 52.

आणखी एक: ग्लासगोत खटला चालला म्हणजे माणूस स्कॉटिश, असं धरू नका. तिथे शिक्षा झालेल्यांत आयरिश जन्माचे पुष्कळ. जन्मगाव वाचल्याशिवाय स्कॉटलंड्सपीपलवर, म्हणजे स्कॉटलंडच्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींच्या सरकारी साइटवर, विकत घेतलेली क्रेडिट उडवू नयेत. तिथली नागरी नोंदणी 1855 पासूनची, त्याआधी चर्चच्या जुन्या नोंदवह्याच, आणि तिथे एकेका नावाचे डझनभर लोक भेटतात.

खटल्याचं ठिकाण आणि तारीख हाती आली की मग नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडच्या कॅटलॉगमध्ये जा. तिथल्या एडी 14 या दप्तरात खटल्यापूर्वीचे जबाब असतात, साक्षीदारांचे आणि कधी आरोपीचाही. जेसी 26 मध्ये खटल्याची कागदपत्रं. कॅटलॉग बघायला पैसे पडत नाहीत. कागद मात्र एडिंबरात जाऊन बघावा लागतो, नाहीतर प्रत मागवावी लागते.

डिजिटल पॅनॉप्टिकॉन या वेबसाइटची शिफारस खूप जण करतात. ते लंडनच्या खटल्यांवर उभं आहे, त्यामुळे स्कॉटलंडमधल्या पर्थ किंवा ॲबर्डीनच्या कैद्यासाठी त्यावर वेळ घालवू नका.