जुनी गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही: बॅटरी बदलावी, सेल्फ खोलावा की वायरिंग तपासावं?

सेल्फ चार दिवस नीट लागतो आणि पाचव्या दिवशी भर बाजारात नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. जुन्या गाडीचं असं सुरू झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो, बॅटरी बदला. माझं मत याच्या उलट आहे. मधूनमधून होणाऱ्या या त्रासात नवी बॅटरी सगळ्यांत शेवटी घ्यावी, आणि तीसुद्धा मोजून खात्री झाल्यावरच.

पर्याय तीन आहेत: नवी बॅटरी, सेल्फ मोटर उतरवून दुरुस्ती, किंवा वायर, टर्मिनल आणि अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणारी पट्टी) यांची तपासणी. उदाहरणाला कार्ब्युरेटरची मारुती ८०० घेतो. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती, तिचं ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं, आणि त्यातल्या बहुतेक वस्तूंपर्यंत हात सहज पोचतो. इतर जुन्या पेट्रोल गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पकडत नाही, तर हे तिन्ही खर्च वाया जातील. तो दोष पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. पावसात होत असेल तर प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली आहे का ते बघा. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) गाडी असेल तर चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू येते का ते ऐका. तीच गाडी तापल्यावर पकडत नाही आणि थंड झाली की लगेच चालू होते, असं असेल तर इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. पुढचं सगळं इंजिन फिरतच नाही किंवा रडतखडत फिरतं, अशा गाडीसाठी आहे.

नवी बॅटरी

बॅटरी खरंच उतरली असेल तर त्रासाला एक क्रम असतो. सकाळी जास्त, दिवसा कमी. गाडी दोन दिवस उभी राहिली की हमखास. थंडीत आणखी वाईट. बॅटरी झिजते एप्रिल-मेच्या उन्हात, पण ते कळतं डिसेंबरात. निफाडकडची मंडळी हे दर हिवाळ्यात बघतात. बॅटरी दुपारी ठणठणीत आणि संध्याकाळी मेलेली, असं सहसा होत नाही. आतला एखादा जोड तुटका असेल तर होतं, पण ते क्वचित.

मल्टिमीटर फार महाग नसतो, घरात असावाच. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून सकाळीच मोजा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून पुन्हा बघा. फिरवताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. शेवटी इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ते मिळत नसतील तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे आहे आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल.

आता या पर्यायातली फसवी गोष्ट. बॅटरी बदलताना दुकानदार टर्मिनल काढतो, घासतो आणि घट्ट आवळतो. गाडी फटकन चालू होते. श्रेय बॅटरीला मिळतं, प्रत्यक्षात दोष टर्मिनलवरच्या थरात असू शकतो. तीन-चार महिन्यांनी थर पुन्हा जमतो आणि तोच ‘टक्’ परत येतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू केल्यावरही हाच घोळ होतो, कारण चिमटे लावताना टर्मिनल हललेलं असतं.

वायर, टर्मिनल, अर्थिंग

कधी होतं, कधी होत नाही, हा स्वभावच मुळी सैल किंवा गंजलेल्या जोडाचा. खड्डा बसला, इंजिन हललं, हवा दमट झाली, की जोड बदलतो. कोकणपट्टीत चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीत मी सगळ्यांत आधी इथेच बघेन.

“पण हेडलाइट तर झगझगीत लागतात!” असं लोक म्हणतात. एवढं गणित करून बघा. गंजलेल्या जोडाचा अडथळा ०.०५ ओहम धरा. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे तिथे पाव व्होल्ट गळतो आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. सेल्फने १०० अँपिअर मागितले की त्याच जोडात ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटरला उरतात ७. म्हणून दिवा आणि हॉर्न नीट चालतात यावरून सेल्फच्या वाटेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

जोड पकडायचा तो सेल्फ मारतानाच. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यातही असंच मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि सैल कपडे पंख्यापासून लांब. इंजिनची अर्थ पट्टी फारच गेली असेल तर करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर पुढे शोधायची गरज नाही.

सफाई घरी होते. आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना ते शेवटी लावायचं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पांढरी-हिरवी भुकटी धुवा (सेलची झाकणं घट्ट हवीत, आत थेंबही जाऊ देऊ नका), पॉलिश पेपरने धातू चमकवा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थ पट्टी जिथे बॉडीला बसते तिथला रंग आणि गंज खरवडायला विसरू नका. तिथे सहसा कुणी बघत नाही.

सेल्फ खोलणं

सेल्फची खूण वेगळी. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे तसेच तेजस्वी राहतात, ‘टक्’ ऐकू येतं, इंजिन हलत नाही. आणि वर सांगितलेली मोजमापं ठीक आहेत. मग सोलेनॉइडचे (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) आतले तांब्याचे संपर्क जळलेत किंवा मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजलेत. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर गाडी लागली, तर ब्रश जवळजवळ नक्की. कसारा किंवा खंबाटकी चढून चहाला थांबलात, गाडी लागत नाही आणि अर्ध्या तासाने लागते, हाही बहुतेक वेळा सेल्फचाच नमुना. तापलं की वाइंडिंगचा अडथळा वाढतो आणि दांड्याला आधार देणारे बुश झिजले असतील तर आतला फिरता भाग, म्हणजे आर्मेचर, घासायला लागतो.

सेल्फ उतरवण्याआधी एक तपासणी करून घ्याच. चावी फिरवताना सोलेनॉइडच्या बारीक वायरवर किती व्होल्ट येतात? १० पेक्षा बरेच कमी असतील तर सेल्फ बहुधा निर्दोष आहे. इग्निशन स्विच आणि त्यापासूनची जुनी वायर दोषी. इथे चांगला इलेक्ट्रिशियन एक रिले बसवून देतो. सोलेनॉइडला बॅटरीतून थेट करंट मिळतो आणि स्विचवरचा भार उतरतो. पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीला मी हे काम आनंदाने सुचवेन.

खर्चात फरक मोठा आहे. नवी बॅटरी काही हजारांची, ब्रश-बुश त्यापेक्षा बरेच स्वस्त, अर्थ पट्टी किंवा रिले काही शेकड्यांत. सेल्फ उघडायचाच झाला तर पूर्ण नवा घेण्याचा आग्रह मान्य करू नका; आर्मेचर जळलेलं नसेल तर ब्रश, बुश आणि सोलेनॉइड बदलून तो पुढे बरीच वर्षं चालतो. जुने भाग परत मागून घ्या आणि बघा.

माझा क्रम असा: एका रविवारी सफाई आणि मोजमाप, त्रास राहिला तर स्विचची वायर आणि रिले, मग सेल्फ. बॅटरी चार वर्षांच्या पुढची असेल आणि आकडेही तेच सांगत असतील तरच ती आधी बदला. काम कुणाकडे द्यायचं तर या दुखण्यासाठी मोठ्या सर्व्हिस सेंटरपेक्षा जुना ऑटो इलेक्ट्रिशियन बरा, कारण तो भाग बदलण्याआधी टेस्टलॅम्प (करंट पोचतो का ते दाखवणारा दिवा) काढतो. त्याच्याकडे जाताना नोंद घेऊन जा: सकाळी की तापल्यावर, पावसात की कोरड्यात, ‘टक्’ झालं की पूर्ण शांतता होती, दिवे मंदावले की तसेच राहिले. गॅरेजात नेल्यावर गाडी बहुधा पहिल्याच चावीला लागते, आणि तेव्हा त्याच्या हातात तुमच्या या नोंदीशिवाय दुसरं काही नसतं.