सर्पनौका पाहायच्या, तर आळप्पुळा की आरन्मुळा?

ओणमच्या सुमारास केरळला निघालेल्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. दोन्हीकडे लांबच लांब नौका, दोन्हीकडे काठावर तोबा गर्दी, आणि सुट्टी मोजकी. सर्पनौकांचे फोटो आपण पाहतो ते बहुतेक आळप्पुळ्याचे, म्हणून तिकीटही तिथलंच काढलं जातं. माझं मत आरन्मुळ्याच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

आळप्पुळ्याची नेहरू ट्रॉफी ही पुन्नमडा तलावावरची शर्यत. १९५२ साली पंडित नेहरू आले तेव्हा त्यांच्या स्वागताला नौका पळवल्या. ते इतके खूश झाले की जिंकलेल्या नौकेतच चढले आणि पुढे त्यांनी चांदीची ट्रॉफी पाठवली. आज तिथे बोट क्लब उतरतात, महिनोन्‌महिने सराव चालतो, प्रेक्षकांसाठी तिकिटाच्या गॅलऱ्या असतात. निकाल घड्याळावर. थरार हवा असेल, मुलं सोबत असतील, बसायला नक्की जागा हवी असेल तर खुशाल इथे जा. तारीख मात्र सरकारी घोषणेनंतरच पक्की धरा. ऑगस्टचा दुसरा शनिवार हा जुना शिरस्ता, पण अलीकडे तो बदलत आला आहे.

आरन्मुळ्याचं मूळच वेगळं. पंपा नदीच्या काठी पार्थसारथीचं, म्हणजे अर्जुनाच्या सारथ्याचं, श्रीकृष्णाचं देऊळ आहे. कथा अशी, की काट्टूर गावचे मंगाट्टु भट्टतिरी दर तिरुवोणमला, म्हणजे ओणमच्या मुख्य दिवशी, एका अतिथीला जेवू घालत. एका वर्षी कुणीच येईना, तेव्हा एक मुलगा येऊन जेवून गेला. तो देवच होता, असा दृष्टांत झाला. मग भट्टतिरी दरवर्षी ओणमचा शिधा होडीतून देवळात नेऊ लागले. एकदा वाटेत त्या होडीवर हल्ला झाला, आणि काठावरची गावं तिच्या रक्षणासाठी आपापल्या नौका घेऊन धावली. त्या सोबतीतून हा उत्सव उभा राहिला. ती शिध्याची होडी, तिरुवोणतोणी, आजही काट्टूरहून निघते.

या नौकांना पल्लियोडम म्हणतात. त्या क्लबाच्या नव्हेत, गावाच्या. आणि गाव त्यांना देवाचंच रूप मानतं. पायात चप्पल घालून कुणी चढत नाही. स्त्रियाही चढत नाहीत. हा नियम मला खटकतो, पण जाण्याआधी तो तुम्हाला माहीत असावा. तिरुवोणमनंतर चौथ्या दिवशी, उत्तराभाद्रपदा (मल्याळममध्ये उत्रट्टाती) नक्षत्रावर, पांढरी मुंडू नेसलेले वल्हेकरी वंचिपाट्टु, म्हणजे नौकागीतं, गात नौका आणतात. आधी जलयात्रा, मग शर्यत. इथे वेगाबरोबर गाण्याला आणि वल्हवण्याच्या परंपरागत ढंगालाही मान आहे. आळप्पुळ्याचा सुसाट वेग मनात धरून आलात तर पहिला तास संथ वाटेल.

त्याहून मोलाची गोष्ट शर्यतीच्या दिवशी नसते, ती वळ्ळसद्या. पावसाळ्याच्या मध्यापासून पुढचे दोन-अडीच महिने लोक नवस फेडायला एखाद्या गावाच्या पल्लियोडमला जेवायला बोलावतात. नौका नदीतून येते, वल्हेकरी गात देवळाला प्रदक्षिणा घालतात आणि केळीच्या पानावर बसतात. साठाहून अधिक पदार्थ असतात. काही पदार्थ ते श्लोक गाऊनच मागतात, आणि मागितलेला पदार्थ नाकारायचा नाही. यजमानाच्या लेखी देवच जेवायला आलेला असतो. भट्टतिरींच्या घरचा तो अतिथी इथे पंगतीत बसलेला असतो. म्हणून माझा सल्ला असा: उत्रट्टातीची तारीख जमत नसेल तर वळ्ळसद्याच्या दिवसांत जा. जेवायला बसायचं असेल तर आधी चौकशी करून पास घ्या, आयत्या वेळी पान मिळेलच असं नाही. नदीकाठी उभं राहून नौका पाहायला अर्थात काहीच लागत नाही.

पोहोचणं दोन्हीकडे सोपं आहे. आळप्पुळ्याला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. आरन्मुळ्यासाठी चेंगन्नूरला उतरायचं, पुढे थोडाच रस्ता.

आणि केरळ जमतच नसेल, तर त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात जा. वाळवंटी नदीत सजवलेल्या नौकांच्या प्रतिकृती सोडतात, त्यांची स्पर्धा असते, त्रिपुरासुराचा वध होतो. इथे वल्हेकरी नाहीत, शर्यत नाही. सगळं रात्री चालतं, तेव्हा मुक्कामाची सोय करूनच निघा. बेळगावकरांना चोर्ला घाट उतरला की साखळी जवळच.