पहिला टेक कोर्स कुठे करावा: दहाब, माल्टा की कोह ताओ?

स्कूबा डाइव्हिंगची तारकर्ली-नेत्राणीला सुरुवात, मग अंदमानात ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे कोर्स. इथवर आलेल्यांना टेक्निकल डाइव्हिंग (वर येताना ठरलेले थांबे घ्यावेच लागतात असं खोल डाइव्हिंग) खुणावू लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फी सगळ्यात कमी कुठे? माझ्या मते तो बराच नंतरचा प्रश्न आहे. आधी विचारायचं ते हे, की कोर्सच्या दिवसांपैकी किती दिवस तुम्ही खरोखर खोल पाण्यात असाल.

टीडीआय या प्रशिक्षण संस्थेकडे पहिल्या टप्प्यात साधारणपणे ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा वापर) आणि डीकम्प्रेशन प्रोसीजर्स (वर येताना थांबे घेत शरीरातला नायट्रोजन बाहेर पडू देणं) जोडून करतात. मर्यादा ४५ मीटर. पॅडी या दुसऱ्या संस्थेने हाच प्रवास टेक ४०, ४५, ५० असा पायऱ्यांत तोडलाय. कार्ड कुणाचंही असो, काम तेच. काही बिघडलं तरी सरळ वर यायचं नाही, ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबायचं. पाठीवर दोन सिलिंडर, कुशीला बहुधा ५० टक्के ऑक्सिजनचं तिसरं. ते २१ मीटरवर आल्यावरच तोंडात घ्यायचं. ४५ मीटरवर चुकून घेतलं तर ऑक्सिजनच्या विषबाधेने झटके येऊ शकतात आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणं. सिलिंडर ओळखणं, बदलणं, जोडीदाराला दाखवून खात्री करून घेणं हे अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणूनच खोली आणि सराव जिथे स्वस्तात मिळतील ती जागा बरी.

त्या हिशेबात इजिप्तचं दहाब सगळ्यांच्या पुढे आहे. सिनाईच्या या गावात बहुतेक डाइव्ह किनाऱ्यावरून होतात. चालत पाण्यात शिरायचं, थोडं पोहायचं, की प्रवाळाची भिंत सरळ खाली गेलेली. बोट नाही, त्यामुळे तुमच्या लांबलेल्या डेको स्टॉपपायी (डीकम्प्रेशनच्या थांब्यापायी) वर कुणी खोळंबत नाही. सकाळी सरावाचं एखादं ड्रिल फसलं तर दुपारी उथळ पाण्यात तेच ड्रिल पुन्हा घोटता येतं. हिवाळ्यातही पाणी २१-२२ अंशांच्या खाली सहसा जात नाही. त्रास एकच: भर उन्हात तीस-पस्तीस किलोचा संसार पाठीवर घेऊन दगडाधोंड्यांतून चालणं.

दहाबचं ब्लू होल, म्हणजे प्रवाळातला खोल खड्डा, प्रसिद्ध आहे आणि बदनामही. तिथून खुल्या समुद्रात जाणारी पाण्याखालची कमान सुमारे ५५ मीटरवर सुरू होते. एका सिलिंडरवर, साध्या हवेवर ती पार करायला गेलेल्या अनेकांचे जीव तिथे गेलेत. काठावरच्या कड्यावर त्यांच्या स्मृतिपाट्या आहेत. खोलवर नायट्रोजनची नशा चढते आणि नितळ पाण्यात अंतराचा अंदाज चुकतो. पहिल्याच कोर्सच्या शेवटी ‘बक्षीस म्हणून’ ही कमान दाखवतो म्हणणारा इन्स्ट्रक्टर यादीतून काढून टाका. तुमची मर्यादा ४५ आहे हे त्याला तुमच्याहून आधी आठवायला हवं.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, पुढे शर्म अल शेख आणि तिथून गाडीने दहाब. शाकाहारी माणसाचं फूल (वालासारख्या बियांची उसळ), ताअमिया (त्याच बियांचे वडे) आणि कोशरी (भात, मसूर आणि पास्त्याचं मिश्रण) यांवर उत्तम भागतं. एक धोका मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही: शेवटच्या दिवशी सिनाई पर्वत चढण्याचा बेत. तो २२८५ मीटर उंच आहे. डेको डाइव्हनंतर इतक्या उंचीवर जाणं विमानात बसण्याइतकंच जोखमीचं. विमानाआधी निदान २४ तास कोरडे ठेवा, आणि तोच नियम डोंगरालाही लावा.

माल्टाचं आकर्षण म्हणजे बुडालेली जहाजं. उम अल फरूद हा ११० मीटर लांबीचा टँकर १९९८ मध्ये मुद्दाम बुडवला. तो ३६ मीटरच्या तळावर आहे. एचएमएस स्टबर्न ही पाणबुडी साधारण ५६ मीटरवर, आणि १९१८ मध्ये बुडालेलं ‘ल पोलिनेझियन’ त्याहूनही खोल. अशा ऐतिहासिक खोल जहाजांवर हेरिटेज माल्टा या सरकारी वारसा संस्थेची देखरेख असते, परवानगी घ्यावी लागते. पण शेंगेन व्हिसा, युरोतला खर्च आणि हिवाळ्यात १५ अंशांपर्यंत उतरणारं पाणी, म्हणजे ड्रायसूट हा अंग कोरडं ठेवणारा पोशाखही आला. इतकं सोसून पहिल्या कोर्सला जायचं आणि जहाजाकडे बघायचं सोडून हातातल्या स्लेटकडे बघत बसायचं, हे मला पटत नाही. ट्रायमिक्सचा (हेलियम मिसळलेल्या वायूचा) कोर्स करायची वेळ आली की माल्टाला जा, तेव्हा त्या जहाजांचं चीज होईल.

थायलंडचं कोह ताओ जवळ, स्वस्त आणि आपल्याकडच्या अनेकांच्या ओळखीचं. अडचण तळाची आहे. नेहमीच्या जागा ३०-४० मीटरवर संपतात. सट्टाकुट हे २०११ मध्ये बुडवलेलं जहाजही ३० मीटरच्या आसपास. बोटींवर गर्दी नवशिक्यांची, वेळापत्रकही त्यांच्या सोयीचं. ट्विनसेट (पाठीवरची सिलिंडरची जोडी) किंवा साइडमाउंटशी (कुशीला लावलेल्या सिलिंडरशी) ओळख, ट्रिम (पाण्यातली शरीराची आडवी स्थिती) आणि बॉयन्सी (तरंगण्यावरचा ताबा) घासूनपुसून घेणं यासाठी मात्र हेच पाणी झकास. रजा आठवड्याचीच असेल तर इथे इंट्रो टू टेक हा ओळखीचा कोर्स करा, डेको पुढच्या वर्षी. नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, समुद्र खवळलेला असतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना फ्लोरिडाचे झरे आणि मेक्सिकोतले सेनोते (पाण्याने भरलेली चुनखडीची विवरं) जवळ पडतात. पण गुहेतलं डाइव्हिंग हे वेगळंच शास्त्र आहे. डोक्यावर दगडाचं छत असताना डेको शिकायची घाई नको.

आता फी. जाहिरातीतल्या आकड्यात गॅस, भाड्याचं सामान, बोट आणि कार्डाचे पैसे धरलेले असतातच असं नाही. हेलियम आलं की बिल वेगळ्याच पट्टीत जातं. प्रवासविम्यात खोलीची मर्यादा किती आणि डेको डाइव्हिंग बसतं का, ते वाचा. नसेल तर डॅन (डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डाइव्ह विमा घ्या.

बुकिंगआधी सेंटरला मेल करा: नेमका कोणता इन्स्ट्रक्टर शिकवणार, सोबत किती विद्यार्थी, ४० मीटरच्या पुढच्या डाइव्ह किती, जवळचा रीकम्प्रेशन चेंबर (डाइव्हिंगमुळे होणाऱ्या आजारावर उपचाराची दाबाची खोली) किती वेळाच्या अंतरावर, आणि विद्यार्थी तयार नसेल तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळेच पास होतात’ असं उत्तर आलं, तर तोच मेल पुढच्या सेंटरला पाठवा.