स्कॉटलंडचा उत्तर किनारा : मोटरहोम की छोटी गाडी?

'नॉर्थ कोस्ट ५००' या स्कॉटलंडच्या किनारी रस्त्यावर फिरायला जायचं ठरलं की पहिली चर्चा हीच होते. मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी घ्यायची, की छोटी गाडी घेऊन रोज नवा मुक्काम करायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. डावीकडून चालवायची सवय आपल्याला आहेच. मैलांतला वेग आणि राउंडअबाउट एका दिवसात अंगवळणी पडतात. खरा प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा आहे.

इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परत येणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता अनेक ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. मधूनमधून 'पासिंग प्लेस', म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा. ती डाव्या हाताला असेल तर गाडी आत घ्यायची, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम तिथेही चालतो. डिपरचं मात्र उलट आहे. समोरच्याने डिपर दिला तर बहुतेक वेळा तो "तुम्ही या" म्हणत असतो.

मोटरहोमचं सुख मोठं आहे. बाहेर पाऊस, आत गरम पोहे, आईबाबांना दुपारी आडवं व्हायची सोय. पण रिव्हर्स! समोरून गाडी आली की कुणाला तरी मागच्या पासिंग प्लेसपर्यंत मागे जावंच लागतं. आमच्या मोटरहोममध्ये मधल्या आरशात फक्त कपाटं दिसायची. डाव्या आरशात गवताची कड, तिच्या पलीकडे चर, आणि चाक नेमकं कुठे आहे ते उतरून पाहिल्याशिवाय कळत नसे. दिवसातून कितीदा तरी हे करायचं म्हणजे चालवणाऱ्याला समुद्र दिसतच नाही. ॲपलक्रॉस गावाकडे जाणारी ६२६ मीटर उंचीची बेअलाख ना बा खिंड तर सोडावीच लागली; फार मोठ्या वाहनांनी जाऊ नये अशी पाटी पायथ्यालाच आहे. आम्ही शील्डेगवरून लांबचा रस्ता धरला.

छोट्या गाडीत तीच खिंड मी निवांत चढलो. मागे वळून एकदा पाहिलं की गाडी जागेत. रोज बॅगा भरायचा कंटाळा येतो, खोल्यांचा खर्चही वाढतो, हे खरं.

सोबत वयस्कर मंडळी असतील आणि मोठं वाहन मागे घ्यायचा हात बसलेला असेल, तर मोटरहोमला नाही म्हणू नये. दोघे-तिघे असाल तर मला विचाराल तर छोटीच घ्या. फक्त जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर उत्तर किनाऱ्यावरच्या डर्नेस गावाच्या बाजूच्या खोल्या विमानाच्या तिकिटांबरोबरच बुक करा, तिकडे पर्याय मोजकेच आहेत.