खोलवरचं सापडत नाही: मोठी कॉइल घ्यावी की ग्राउंड बॅलन्स करावा?

मेटल डिटेक्टर वरवरचे खिळे पकडतो, पण हातभर खाली गेलेलं काही सांगत नाही, की लोक आधी ११ इंची कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) काढून १५ इंची शोधू लागतात. मोठ्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र खोल जातं हे खरं. पाइप, व्हॉल्व्हचं झाकण अशा मोठ्या वस्तूंना तिचा फायदा होतो. नाणं मात्र त्यात हरवू शकतं, शेजारचे दोन खिळे एकच वाटतात आणि हात भरून येतो तो वेगळाच.

ग्राउंड बॅलन्सला, म्हणजे मातीचा सिग्नल यंत्राकडून वगळून घेण्याला, पैसा लागत नाही. कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर, दख्खनच्या बेसाल्टी मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज. यंत्राला मातीच ऐकू येते. धातू नसलेली जागा पाहून ग्राउंड बॅलन्स लावा आणि कॉइल खाली-वर करा, आवाज शांत होईपर्यंत. मग सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) थोडी कमी करा. उलटं वाटतं, पण गोंगाट कमी झाला की खोलचा मंद आवाज कानात येतो. अशा मातीत मोठी कॉइल तर आणखी माती ओढते.

छोट्या वस्तूची खोली दुप्पट झाली की सिग्नल साधारण चौसष्टाव्या भागावर येतो. म्हणून खोल नाण्यासाठी मी आधी बॅलन्सच करेन. कॉइल पाइपवाल्यांनी घ्यावी.