घरच्या कॉम्प्युटरला यूएसबी डॅक : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

सर्व्हिस सेंटरमधून डॅक (कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोन-स्पीकरला चालणारा सिग्नल करणारी यूएसबीवरची डबी) दुसऱ्यांदा ‘नो फॉल्ट’ची चिठ्ठी घेऊन परत आला, तेव्हाच एक तारा देऊन मोकळा होणार होतो. थांबलो ते बरं झालं. आता चार देतोय, आणि कापलेला पाचवा सर्व्हिसचा आहे.

आकडे बॉक्सवर आहेत, ते सांगत बसत नाही. मी हा घेतला तंबोऱ्यासाठी. मिरजेत तंबोरे तयार होताना बघत वाढलोय. जवारीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, दोरा नेमक्या जागी बसला की तारेतून वरचे स्वर फुटून बाहेर येतात. गायक सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये आधी हेच बुडतं. माझ्या कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की त्या जागी बारीक किरकिर यायची, माउस हलवला की वाढायची. मदरबोर्डपासून पुढच्या जॅकपर्यंत गेलेली वायर कॅबिनेटमधला सगळा विजेचा गोंगाट उचलते. पैसे घालण्याआधी मागचा जॅक वापरून बघा. फुकट आहे, आणि बराच फरक पडतो.

डॅकवर हेडफोन लावला आणि किरकिर पहिल्याच दिवशी गेली. विलंबित ख्यालात गायक श्वास घेतो तेवढ्या जागेत जोडाच्या मधल्या दोन तारा आणि खर्जाची तार वेगवेगळ्या कळतात. निव्वळ आनंद आहे हा.

मग पॉवर्ड स्पीकर (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, स्वतःचा प्लग लागणारे) जोडले आणि घूंऽऽ सुरू झालं. गाणं बंद असतानाही. इथून कुरियरचे हेलपाटे, दोन्ही वेळा माझ्या खर्चाने. फोनवर एकाच प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा देत होतो, ‘ड्रायव्हर टाकलाय का?’ कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे एकानेही विचारलं नाही. येत होत्या! आमची सांगलीतली इमारत जुनी. वायरमनने कॉम्प्युटरचा सॉकेट उघडला तर अर्थिंगच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच कॅबिनेटवर येतो. अर्थिंग नसेल तर तो ऑडिओ केबलवरून स्पीकरच्या अर्थिंगकडे जातो, आणि आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज स्पीकरमधून ऐकू येते. वायरमनने मेन बोर्डापासून अर्थिंगची वायर ओढली, कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच थ्री-पिन बोर्डवर घेतले. घूं गेलं, झिणझिण्याही गेल्या. वायर आणि मजुरी धरून खर्च दोन कुरियरपेक्षा कमी. स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आवाज थांबेलही, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर शॉक तुम्हालाच बसेल.

सेटिंगबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. सीडीवरून काढलेल्या फाइल ४४.१ किलोहर्ट्झच्या, विंडोजमध्ये ४८ लावलेलं, म्हणजे विंडोज प्रत्येक गाणं बदलून पाठवणार. सुरुवातीला यावर मी फार भर देत होतो. फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजची ही ढवळाढवळ टाळून गाणं थेट डॅककडे पाठवणारं, बाकीचे आवाज बंद ठेवणारं सेटिंग) लावून बरेच दिवस ऐकलं. खरं सांगायचं तर स्वरात फरक कळत नाही. पण बंदिशीच्या मध्ये मेलची टिंग वाजत नाही, तेवढ्यासाठी ते चालू ठेवलंय.

फाइलचा फरक मात्र दांडगा आहे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं छाटलेलं असतं आणि जवारीची झिलई विस्कटते. त्याच सीड्या फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न छाटता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, पुन्हा काढल्या. जागा साध्या वेव्ह फाइलच्या जवळपास निम्मी लागते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना मात्र डॅकचा उपयोग नाही. खरखर मूळ तबकडीतच आहे, ती फक्त जास्त स्वच्छ ऐकू येते. तरीही मी त्या रोज लावतो.

व्हॉल्यूमचं बटण आता अगदी कमी आवाजावर डावीकडे किंचित जास्त वाजतं. वॉरंटी आहे, पण पाठवणार नाही. आवाज कॉम्प्युटरमधूनच थोडा कमी केला आणि बटण मध्यावर ठेवलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. यापेक्षा महाग डॅक घ्यायचा विचार सोडला. यापुढे साठेल तो पैसा स्पीकरसाठी.